संशयाची कादंबरी, खात्रीचा बळी

भयकादंबऱ्या वाचणाऱ्याला आपल्याकडे दोन बाजूंनी टोकले जाते. साहित्याचे अभ्यासक म्हणतात, हे वाङ्मय नव्हे, प्रवासात वेळ घालवायची पुस्तके आहेत. अंधश्रद्धेविरुद्ध झटणारे कार्यकर्ते म्हणतात, या पुस्तकांमुळे भुताखेतांवरचा विश्वास घट्ट होतो. मला दोन्ही आक्षेप भलत्याच जागी बोट ठेवणारे वाटतात. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी मी आवडीने वाचत आलो आहे आणि ते नंदुरबार जिल्ह्यात राहून वाचत आलो आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला डाकीण पुस्तकात भेटते. इथे ती पोलीस ठाण्याच्या फिर्यादीत भेटते, मारहाणीच्या बातमीत भेटते, गाव सोडून गेलेल्या एखाद्या विधवेच्या पडक्या घरात भेटते. म्हणून या वाङ्मयाचे गुणदोष मोजताना माझा तराजू थोडा वेगळा आहे. रहस्यमय भयकादंबरीचे सारे बळ संशयात असते. तिचा दोष दिसतो तो शेवटी, जेव्हा ती त्या संशयाची खात्री करून देते.

आधी बळाविषयी, कारण ते खरे आहे आणि त्याची आपल्या समीक्षेने नीट दखल घेतलेली नाही.

नाट्यशास्त्रकार भरताने भयानक आणि बीभत्स हे दोन रस वेगळे ठेवले. एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. रक्तामांसाचा चिखल करणारी पुस्तके बीभत्सात जातात आणि त्यांच्याबद्दल मला फारसे म्हणायचे नाही. किळस लवकर बोथट होते. दहाव्या पानावरचे प्रेत विसाव्या पानावर सवयीचे होते. भयाचे तसे होत नाही, पण त्यासाठी ते अर्धवट झाकलेले असावे लागते. ॲन रॅडक्लिफ या इंग्रज लेखिकेने अठराव्या शतकाच्या शेवटी भयकादंबरीला लोकप्रिय केले. तिच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात तिने जवळपास हाच भेद केला आहे. अनिश्चिततेतून येणारे भय मनाला विस्तारते, जागे करते. समोर उघडे पडलेले भयंकर दृश्य मनाला आकसून टाकते, असे तिचे मत होते. दोन शतकांनंतरही या प्रांतात याहून नेमके काही कोणी सांगितलेले नाही.

धारप (१९२५–२००८) मोठे ठरतात ते या कसोटीवर. त्यांच्या काही गाजलेल्या कादंबऱ्यांचे मूळ परकीय आहे, हे लपलेले नाही. 'लुचाई'मागे अमेरिकन लेखक स्टीफन किंगची १९७५ची 'सेलम्स लॉट' आहे, 'शपथ'मागे त्याचीच १९८६ची 'इट' आहे. उसनवारीचा आरोप करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घेतली नाही. कल्पना बाहेरून आणता येते, भीती आणता येत नाही. अमेरिकेतल्या गावात जे भय वाटते ते मराठी घरात वाटायचे तर ते मराठी घर आधी खरे उभे राहावे लागते. त्या घराचे माजघर, रॉकेलचा वास, परसाकडे जाताना लागणारी अंधाराची पट्टी, दुपारी सगळे झोपल्यावर येणारी शांतता. धारपांचे गद्य साधे, जवळजवळ कारकुनी आहे. निवेदक शहाणासुरता, नोकरी करणारा, हिशेबी मनुष्य असतो. तो घाई करत नाही. तो आधी स्वतःच्या मनातली शंका उडवून लावतो, मग तिचे कारण शोधतो, मग कारण पुरत नाही म्हणून अस्वस्थ होतो. तोवर वाचक त्याच्या शेजारी जाऊन बसलेला असतो. इतक्या संयमाने संशय पेरणे हे कसब आहे, आणि ते मराठीत इतर प्रकारच्या कादंबरीकारांकडेही क्वचितच दिसते.

मतकरींचे (१९३८–२०२०) बळ वेगळे. त्यांनी आपल्या लेखनाला गूढकथा म्हटले. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'गहिरे पाणी' ही नावे तीन पिढ्यांच्या वाचकांच्या तोंडी आहेत. त्यांच्या कथेत भय बहुतेकदा माणसाच्या मत्सरातून, एकटेपणातून, दाबलेल्या अपराधातून वर येते. कादंबरीपेक्षा कथा त्यांना अधिक मानवली, हे मला अर्थपूर्ण वाटते. संशय ताणायला मर्यादा असते. तीनशे पानांची भयकादंबरी मधल्या शंभर पानांत थकते. तिथे लेखक एकतर पात्रे मारू लागतो किंवा जुन्या पोथ्या उघडून दुष्ट शक्तीचा इतिहास सांगू लागतो. असा इतिहास सांगायला घेतला की भय उतरायला लागते, कारण ज्याचा इतिहास कळला ते आता अर्धे ओळखीचे झाले. हा या प्रकाराचा तांत्रिक दोष आहे. किंगसारखा अफाट ताकदीचा लेखकही त्यातून सुटत नाही.

पण मला अधिक सलतो तो दुसरा दोष.

कोणतीही सरासरी भयकादंबरी घ्या आणि तिचा सांगाडा मांडा. एका घरावर संकट येते: मूल आजारी पडते, सून झुरू लागते, गुरे मरतात. उपाय चालत नाहीत. घरातल्या कोणाच्या तरी मनात शंका येते की हे साधे दुखणे नाही. शंका हळूहळू एका व्यक्तीवर किंवा एका जागेवर स्थिर होते. ती एकटी राहणारी बाई असते, नुकताच आलेला भाडेकरू असतो, गावाबाहेरचा वाडा असतो. मग एक जाणकार येतो. धारपांच्या 'समर्थ' या व्यक्तिरेखेप्रमाणे तो सात्त्विक, तपस्वी असू शकतो. एखाद्या सुमार पुस्तकात तो हातात कवटी घेतलेला मांत्रिक असतो. तो सांगतो, तुमची शंका खरी आहे. पुरावा मिळतो. शेवटी त्या दुष्ट शक्तीचा नाश होतो आणि घर पुन्हा उजेडात येते.

आता आमच्या नंदुरबारच्या सातपुड्यात डाकीण, म्हणजे चेटकीण, कशी ठरवली जाते ते पाहा. पोर तापाने फणफणते आणि जाते, किंवा गाय अचानक दूध देईनाशी होते, किंवा एकाच पाड्यावर पाठोपाठ माणसे आजारी पडतात. दवाखाना लांब, पावसाळ्यात अधिकच लांब. कोणीतरी म्हणते, हे साधे नाही, कोणीतरी 'खाल्लं' पोराला. कोणाची तरी नजर वाईट असल्याचे आठवू लागते. तीन वर्षांपूर्वी झालेले भांडण आठवते. मग भगताकडे, म्हणजे पाड्यावरच्या मांत्रिकाकडे, जाणे होते. तो खूण सांगतो, दिशा सांगतो, कधी सरळ नावच सांगतो. नाव बहुतेकदा बाईचे असते. पुष्कळदा ती विधवा असते, निपुत्रिक असते, जमिनीच्या तुकड्यावर हक्क सांगणारी असते. आणि मग निवाडा होतो. मारहाण, दंड, गावाबाहेर हाकलणे. काही वेळा खून.

दोन्ही सांगाडे एकच आहेत. संकट, संशय, जाणकार, खात्री, शिक्षा. टप्पे तेच, क्रमही तोच. कादंबरीत भगत नेहमी बरोबर ठरतो, एवढेच तिचे वेगळेपण. कारण तो चुकला तर कादंबरी फसली असे वाचकाला वाटते. तीनशे पाने ज्या बाईवर शंका घेतली ती साधी, दुखावलेली, एकटी बाई निघाली, तर पुस्तक मिटताना आपण फसवले गेलो असे म्हणणारे वाचक मी पाहिले आहेत. म्हणजे या वाङ्मयप्रकाराने वाचकाला लावलेली भूक कसली आहे? आपली शंका खरी ठरण्याची.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. धारप वाचून कोणी सातपुड्यात बाईला डाकीण ठरवले नाही. जिथे ही प्रथा घट्ट आहे तिथे ही पुस्तके पोचलेलीच नाहीत. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती, राज्यात सर्वांत कमी. आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातले चित्र त्याहून वाईट. जिल्ह्यातले जवळजवळ ७० टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या घरची भाषा पुस्तकी मराठी नाही. ती देहवाली आहे, पावरी आहे, मावची आहे. तेव्हा पुस्तकांवर बंदी आणा म्हणणाऱ्यांशी माझे अजिबात जुळत नाही. भयकादंबरी अंधश्रद्धा निर्माण करते, हा आरोप मला खोटा वाटतो. माझा आरोप निराळा आहे. शिकलेल्या, पुस्तके विकत घेऊन वाचणाऱ्या माणसाला संशय, जाणकार आणि शिक्षा ही साखळी न्याय्य वाटावी अशी सवय ती लावते. त्यामुळे डाकिणीची बातमी वाचताना तो 'मागासलेल्या' पाड्याला हसतो, पण तीच मनाची चाल आपण काल रात्री आवडीने वाचून संपवली हे त्याच्या ध्यानात येत नाही. आणि डाकीण नसली तरी संशयाने माणूस ठेचून मारणाऱ्या झुंडी असतात. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ती अफवा मोबाइलवरून फिरत होती. मंत्रतंत्राचा तिथे संबंध नव्हता, भगतही नव्हता. साखळी मात्र हीच होती, फक्त जाणकाराच्या जागी फोनवर आलेला संदेश होता.

कायद्याने ही साखळी नेमकी ओळखली आहे, हे मला फार मोलाचे वाटते. अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत एक कलम आहे. एखादी व्यक्ती करणी करते, काळी जादू करते, भूत लावते, मंत्राने जनावरांचे दूध आटवते असे भासवणे किंवा तिच्याबद्दल तसा संशय निर्माण करणे आणि तिचे जगणे मुश्कील करणे, हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. मारहाण होण्याची वाट कायदा पाहत नाही. माणसाभोवती संशय उभा करून त्याचे जगणे कठीण करणे यालाच तो गुन्हा म्हणतो. जनावराचे दूध आटणे इतक्या बारीक तपशिलाचा उल्लेख कायद्यात येतो, याचा अर्थ तो लिहिणाऱ्यांनी पाड्यावरचे बोलणे कान देऊन ऐकले होते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी सातपुड्यात डाकीण प्रथेविरुद्ध वर्षानुवर्षे केलेल्या पायपिटीला यातून कायद्याचा आधार मिळाला.

संकट येते तेव्हा त्यामागे खरे काय असते, याबद्दल भयकादंबरीला फारसे कुतूहल नसते. घराण्याला लागलेला शाप ही तिची आवडती कल्पना. एकाच घरातली मुले एकामागून एक जातात, शेजारच्या घरात मात्र काही होत नाही, आईबाप धडधाकट, पिढ्या उलटल्या तरी पाठलाग सुटत नाही. नंदुरबारच्या आदिवासी घरांत असा शाप खरोखर आहे आणि त्याचे नाव सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे-सांधे असह्य दुखतात, मूल पिवळे पडते, थकते, साध्या तापात दगावते. आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आले तरच मूल आजारी होते. एकाकडूनच आले तर ते नुसते वाहक राहते, सुदृढ दिसते. म्हणून आईबाप निरोगी आणि पोरे मरणारी, असे घर दिसते. वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता चारात एक. ज्याला हे गणित कोणी समजावून सांगितले नाही, त्याने या घराकडे पाहून काय म्हणावे? कोणीतरी काहीतरी केले आहे, हाच निष्कर्ष माणसाच्या मनाला सर्वांत जवळचा पडतो. अज्ञानाला नावे ठेवणे सोपे आहे. त्या आईच्या जागी बसून पाहिले तर शाप हेच उत्तर अधिक सुसंगत वाटते, आणि त्यातच त्याचा धोका आहे. चांगली भयकादंबरी ही सुसंगती आतून दाखवू शकते. रक्ताच्या चाचणीचा कागद हातात आल्यावर त्याच आईला वाटणारे वेगळे भयही दाखवू शकते. कारण आता दोष देण्यासाठी शेजारीण उरली नाही, उरले ते आपलेच रक्त. अशी कादंबरी मराठीत माझ्या वाचनात आलेली नाही.

भयकादंबरीला हा आरसा फार पूर्वी दाखवला गेला होता. जेन ऑस्टिनची 'नॉर्थँगर ॲबी' १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तिची नायिका कॅथरीन रॅडक्लिफच्या कादंबऱ्या वाचून वाचून अशी घडलेली आहे की एका जुन्या वास्तूत पाहुणी म्हणून गेल्यावर यजमान जनरलने बायकोचा घात केला असावा असे तिला वाटू लागते. ती शंका खोटी ठरते आणि ती लाजेने खचते. बहुतेक वाचक इथेच थांबतात आणि म्हणतात, ऑस्टिनने भयकादंबरीची खिल्ली उडवली. पण पुढे तोच जनरल कॅथरीन श्रीमंत नाही हे कळताच तिला एकटीला, कसलीही सोय न करता घराबाहेर काढतो. माणूस क्रूर आहे हे कॅथरीनने बरोबर ओळखले होते. क्रौर्याचे स्वरूप तिला कळले नव्हते. ती मेलेल्या बाईच्या खोलीत गुन्ह्याचा पुरावा शोधत होती आणि क्रौर्य होते पैशाच्या हिशेबात. नंदुरबारच्या पाड्यावर डाकिणीच्या प्रकरणाचा तपास नेटाने झाला तर पुष्कळदा हेच हाती लागते: मंत्र नसतो, शेताचा बांध असतो.

दुसरे उदाहरण हेन्री जेम्सच्या १८९८ मधल्या 'द टर्न ऑफ द स्क्रू'चे. दोन मुलांना सांभाळायला आलेली तरुण बाई. तिला मेलेली माणसे दिसू लागतात, आणि ती मुलांना ओढून नेत आहेत असा तिचा संशय बळावतो. भुते खरी की बाईचे मन बिघडले, हे शेवटपर्यंत ठरत नाही. ठरते एवढेच, की ती मुलाकडून कबुली काढायला जाते आणि मुलगा तिच्या मिठीत मरतो. सव्वाशे वर्षे समीक्षक भुतांवरून वाद घालत आहेत. मला त्या वादापेक्षा तो मृत्यू अधिक बोलतो. संशय घेणाऱ्याच्या हातून मूल जाते. भुते खरी असली तरी ते जाते, खोटी असली तरी जाते. रहस्यमय भयकादंबरी आपल्या सगळ्या बळानिशी, कुठेही ढिली न पडता, खात्री नाकारू शकते याचा हा पुरावा आहे. म्हणजे दोष या प्रकाराच्या रक्तात नाही. आळसात आहे. शेवटच्या प्रकरणात वाचकाला बक्षीस देण्याची घाई झाली की तो शिरतो.

मराठीतही हे भान येत आहे. हृषीकेश गुप्ते यांची 'दंशकाल' ही मोठी कादंबरी भय बाहेरच्या शक्तीत शोधण्याऐवजी घराण्याच्या आतल्या वासना आणि हिंसेत शोधते. 'हाकामारी'त त्यांनी रात्री नावाने हाक मारणाऱ्या बाईची लोकसमजूत हाती घेतली. २०१८ चा 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट धारपांच्या 'आजी' या कथेशी नाते सांगतो. त्यातला राक्षस भयंकर आहे, पण घराला खाणारी गोष्ट त्या घराची स्वतःची हाव आहे. हे बदल मला फार आवडतात. तरी नकाशा पाहिला तर मराठी भय अजून कोकणाच्या वाडीत आणि पुण्याच्या वाड्यात राहते. मुंजा, खवीस, झोटिंग, देवचार, समंध, जखीण हा परिवार तिथला. सातपुडा या नकाशावर आलाच तर जंगलातल्या अघोरी मंत्रांचा साठा म्हणून येतो. शहरातल्या नायकाला ज्या करणीने ग्रासले तिचा उगम सांगताना लेखक बेधडक एक आदिवासी मांत्रिक उभा करतो. त्या माणसाला नाव नसते, गाव नसते, बायको-मुले नसतात. एखाद्या समाजाचा असा वापर आपल्या कादंबरीने इतकी वर्षे केला आणि त्यावर कोणी हरकत घेतली नाही, याचे मला दुःख आहे.

हडळीचेही तसेच. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते, ही समजूत महाराष्ट्रभर आहे आणि भयकथांनी तिचा भरपूर उपयोग केला आहे. ती बाई मेली का, हे कथा विचारत नाही. आमच्या जिल्ह्यात नर्मदेकाठच्या पाड्यांवरून बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या बाईला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून डोंगर उतरवण्याच्या बातम्या अजून येतात. सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्याने तुटलेल्या वस्त्यांसाठी तरंगता दवाखाना सुरू करावा लागला. त्या झोळीतल्या प्रवासात जितका ताण आहे तितका कुठल्या पडक्या विहिरीत असेल? रस्ता आहे की नाही, ओढ्याला पाणी किती, पुढच्या वळणावर गाडी थांबली असेल का, बाई गप्प झाली ती झोपली की... ताण निर्माण करण्याचे सगळे कसब इथे हवे आहे आणि ते इथे आलेले नाही. मेल्यानंतर त्या बाईला भयाचा विषय करणारे वाङ्मय तिच्या जिवंतपणीच्या भयाकडे पाठ फिरवते.

डाकीण ठरवल्या जाणाऱ्या बाईचेही भय असेच न लिहिलेले राहिले आहे. बाजू उलटून पाहा. सकाळी ती पाण्याला जाते आणि तिथले बोलणे थांबते. रोज अंगणात येणाऱ्या पोराला आई हाक मारून मागे घेते. सणाचे बोलावणे येत नाही. रात्री शेजारी माणसे जमतात, आवाज दबके असतात, तिच्या नावासारखे काही ऐकू येते आणि पुन्हा शांतता. कोणी काही सांगत नाही. तिला कळते की काहीतरी जवळ येत आहे, पण ते काय आहे हे तिला विचारता येत नाही, कारण विचारणे हाच पुरावा मानला जाईल. धारपांचे सगळे तंत्र या बाईच्या अंगणात जसेच्या तसे लागू पडते: संथ गती, ओळखीच्या वस्तू अनोळखी होणे, शंका आणि तिचे खंडन. फक्त कॅमेरा दुसऱ्या घरात ठेवायचा. बंगालीत ताराशंकर बंद्योपाध्याय यांनी 'डाइनी' कथेत हेच केले. लोकांनी लहानपणापासून चेटकीण ठरवलेली म्हातारी अखेर स्वतःच मानू लागते की आपल्या नजरेत विष आहे. महाश्वेतादेवींच्या 'बायेन'मध्येही बहिष्कृत केलेली आई आणि तिचा मुलगा आहेत. या कथा वाचताना अंगावर काटा येतो आणि भूत एकही नसते. बंगाली लेखकांना जे जमले ते सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या मराठीला का जमू नये?

भयाला शत्रू लागतोच असे नाही, हे सातपुड्याने आपल्या पद्धतीने आधीच सांगितले आहे. धडगाव तालुक्यातल्या अस्तंब्याच्या शिखरावर दिवाळीत यात्रा भरते. हजारो माणसे, त्यांत तरुण अधिक, रात्रीच्या काळोखात तो अवघड डोंगर चढतात. अस्तंबा म्हणजे अश्वत्थामा, असा लोकांचा विश्वास. महाभारतात त्याने केलेले कृत्य आपल्या परंपरेतल्या सर्वांत भयाण रात्रीचे आहे: झोपलेल्या छावणीत शिरून त्याने द्रौपदीच्या मुलांना मारले. मग मस्तकावरचा मणी गेला, जखम राहिली, आणि कृष्णाच्या शापाने तो भटकत राहिला. सातपुड्यात सांगतात की तो अजून रानात फिरतो आणि जखमेसाठी तेल मागतो. वाट चुकलेल्याला वाट दाखवतो. भयकादंबरीकाराच्या हाती हे पात्र पडले तर पहिल्या प्रकरणात तो माणूस मारील आणि शेवटच्या प्रकरणात जाळला जाईल. इथल्या लोकांनी त्याच्याबाबत वेगळा निर्णय घेतला. तो अपराधी आहे यात शंका नाही, त्याची भीतीही वाटते, आणि तरी त्याला तेल द्यायचे असते. अंधारात समोर आलेल्या माणसाबद्दल इतका मोठा विचार मला कुठल्याच भयकादंबरीत सापडला नाही. ज्या मातीत हा विचार टिकला त्याच मातीत डाकीणही आहे, हे विसरून चालणार नाही. डोंगरावरच्या अपराध्याला तेल, आणि पाड्यावरच्या निरपराध बाईला मार. हा विरोध कादंबरीकाराने हातात घ्यावा इतका जिवंत आहे.

तेव्हा माझा निवाडा सांगतो. रहस्यमय भयकादंबरी हा हलका प्रकार नाही. मनाला सावध करण्याची, ओळखीच्या घरात अनोळखी दार दाखवण्याची तिची ताकद गंभीर म्हणवणाऱ्या अनेक कादंबऱ्यांपेक्षा मोठी आहे. अभ्यासकांनी हलके लेखले म्हणून धारप आणि मतकरी कमी ठरत नाहीत. पण जिथे ती संशयिताला दोषी ठरवून मोकळी होते, तिथे ती फक्त कमकुवत कादंबरी राहत नाही, अन्यायाची उजळणी होते. ही तक्रार मी परक्याच्या भूमिकेतून करत नाही, या पुस्तकांवर प्रेम करणारा म्हणून करतो.

आणि एक मागणे शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, नवापूर इथल्या लिहित्या मुलामुलींकडे. शहादा तालुक्याच्या मातीतून वाहरू सोनवणे यांच्यासारखा कवी उभा राहिला. आपल्या वतीने दुसऱ्यांनी बोलू नये हे त्यांनी कवितेतून ठणकावले. भयकादंबरीतही आता तुम्हीच बोला. पावरी, देहवाली, अहिराणी बोलणारी पात्रे आणा. भगताला नाव द्या, गाव द्या, त्याचेही भय लिहा. आणि त्या बाईच्या अंगणात बसून पहिले प्रकरण लिहा. ती डाकीण आहे की नाही, हा प्रश्न वाचक विचारील. त्याचे उत्तर त्याला पहिल्याच पानावर देऊन टाका, आणि मग पुढची तीनशे पाने त्याला झोपू देऊ नका.